आधी त्यांना ऐकायला शिकव

चि. भाऊ,


तालुक्यातल्या मेडिकलवाल्यांसाठी तू आखलेल्या कार्यशाळेचा आराखडा काल मिळाला आणि रात्रीच वाचून काढला. आधी आनंद झाला, मग राग आला. लसीबद्दल मनात शंका असलेल्या माणसाशी बोलायचं काम औषधाच्या दुकानातही होऊ शकतं, हे कुणाच्या तरी मनात आलं आणि ते तुझ्या मनात आलं, याचा आनंद. राग आला तो सोबतच्या चिठ्ठीतल्या एका वाक्याचा. ‘लोक अडाणी आहेत, नीट माहिती दिली की येतील,’ असं तू लिहिलं आहेस. म्हणून सकाळी लसींचे प्रकार, दुपारी शीतसाखळी, मग गैरसमज आणि त्यांची उत्तरं, शेवटी पत्रकांचं वाटप. साठ-सत्तर स्लाइडमध्ये फार्मासिस्टने समोरच्या माणसाला विचारायचा असा एकही प्रश्न नाही. बाबांच्या दवाखान्यावरून आपण दोघं जे भांडायचो, ते याच मुद्द्यावर. इतक्या वर्षांनंतरही तू तिथेच उभा असशील असं वाटलं नव्हतं.

या कामाला मेडिकलच का, हे तुझ्या आराखड्यात कुठेच आलेलं नाही, आणि तिथेच सगळी गोम आहे. दीड महिन्याच्या बाळाला उपकेंद्रात पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस मिळतो. या लसीतल्या डांग्या खोकल्याच्या घटकामुळे बऱ्याच बाळांना ताप येतो, मांडी दुखते, सुजते, आणि एक-दोन दिवसांत ते आपोआप ओसरतं. पण त्या रात्री घरात कुणाला झोप नसते. दुसऱ्या दिवशी बाळाची आजी किंवा बाप औषधाच्या दुकानात येतो, तापाचं औषध मागतो आणि पैसे देता देता म्हणून जातो, ‘आता पुढचा डोस नको.’ हे वाक्य तो आशाताईसमोर सहसा बोलणार नाही, कारण तिच्या हातात यादी असते आणि तिला नकार देणं म्हणजे सरकारला नकार देणं असं त्याला वाटतं. सिस्टरसमोर तो मान हलवेल आणि पुढच्या लसीकरण सत्राच्या दिवशी शेतावर निघून जाईल. मेडिकलच्या काउंटरवर मात्र कुणी नाव लिहून घेत नाही, म्हणून तिथे तो मनातलं बोलतो. पुढचा डोस चार आठवड्यांनी, बाळ अडीच महिन्यांचं झालं की असतो. म्हणजे मन वळायला महिनाभर आहे, आणि ती शंका पहिल्यांदा ज्याच्या कानावर पडली तो फार्मासिस्ट सुट्टे पैसे परत देऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

माहिती दिली की माणूस बदलतो, हे तुझं गृहीतक तपासलं गेलेलं आहे, भाऊ. अमेरिकेत ब्रेंडन नायहन आणि सहकाऱ्यांनी १७५९ पालकांवर केलेला प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. गोवर-गालगुंड-रुबेला लसीबद्दल त्यांनी पालकांना वेगवेगळ्या चार प्रकारे समजावलं: लसीने ऑटिझम होत नाही याचे पुरावे दिले, आजारांचे धोके सांगितले, आजारी मुलांची छायाचित्रं दाखवली, मरता मरता वाचलेल्या बाळाची हकिगत सांगितली. यातल्या एकाही प्रकाराने लस देण्याची तयारी वाढली नाही. पुरावे वाचून ऑटिझमबद्दलचा गैरसमज कमी झाला, तरी ज्यांचं मन आधीच लसीच्या विरोधात होतं त्यांची तयारी उलट घटली. तुझ्या ‘गैरसमज आणि त्यांची उत्तरं’ या सत्राचा साचा नेमका हाच आहे. ही माणसं अमेरिकेतली, आपली वेगळी, असं तू म्हणशील. वेगळी आहेतच. पण उत्तर तोंडावर फेकलं की माणूस आपली बाजू आणखी घट्ट धरतो, हे आपल्या गावांनाही चांगलं ठाऊक आहे.

आणि अडाणी हा शब्द तर खोडूनच टाक. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावात प्लेगची लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. ती लस मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, हाफकिन यांच्या देखरेखीखाली तयार झालेली होती. कुपी गावात उघडताना दूषित झाली होती हे पुढे मान्य झालं आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले, पण तोवर लोकांचा विश्वास जायचा तो गेला होता. अलीकडचं उदाहरण २००९-१० चं आहे. खम्मम आणि वडोदरा इथे मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प चालू असताना सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, पण संमतीपत्रांवर पालकांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचं उघड झालं. लस निर्दोष होती, वागणूक नव्हती. अशा गोष्टी ज्यांच्या कानावर आहेत ते विचार करूनच शंका घेत असतात, आणि त्यांना आधी हवा असतो तो आपलं म्हणणं पुरतं ऐकून घेणारा माणूस.

मग फार्मासिस्टला शिकवायचं काय? सुरुवात कशी करावी याबद्दल एक चांगला अभ्यास आहे. सिअॅटलच्या परिसरात डग्लस ओपेल यांनी डॉक्टर आणि पालकांच्या भेटींचं चित्रण करून ते तपासलं. निष्कर्ष २०१३ साली आले. ‘आज या लसी द्यायच्या आहेत’ असं गृहीत धरून बोलणाऱ्या डॉक्टरांपुढे २६ टक्के पालकांनी विरोध केला, तर ‘लसींचं काय करायचं ठरवलंय?’ असं विचारणाऱ्यांपुढे ८३ टक्क्यांनी. म्हणून फार्मासिस्टचं पहिलं वाक्य ‘पुढचा डोस कधी आहे?’ असं सरळ असावं. पण समोरून ‘नको’ आलं की तिथून पुढे वाट वेगळी होते. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात बाळंतिणीशी रुग्णालयातच निवांत बोलण्याची पद्धत बसवली आहे: आधी तिचं म्हणणं ऐकायचं, तिला काय माहीत आहे ते विचारायचं, ‘मी थोडं सांगू का?’ अशी परवानगी घ्यायची आणि मगच सांगायचं. त्याने लस देण्याची तयारी वाढली आणि प्रत्यक्ष लसीकरणही वाढलं.

आपल्या काउंटरवर हे असं होईल. आजी म्हणते, मागच्या वेळी पोर दोन दिवस फणफणलं. फार्मासिस्ट विचारतो, ताप किती होता, औषध कोणतं दिलं, किती दिलं? इथेच कितीदा खरं कारण हाती लागेल! पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं आणि १२५ च्या सिरपमध्ये फक्त २५. थेंबांच्या हिशोबाने सिरप पाजलं तर बाळाला चौथा हिस्साच औषध मिळतं, ताप उतरत नाही, आणि दोष लसीच्या माथी येतो. उलट झालं तर औषध चौपट जातं. बाळाचं वजन विचारून, कुठल्या बाटलीतलं किती हे बोट ठेवून दाखवणं, आणि झटका आला, बाळ मलूल पडलं किंवा रडायचं थांबेचना तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायला सांगणं, हे फार्मासिस्टच्या शिक्षणातलंच काम आहे. ते नीट झालं की ‘ताप का येतो, सांगू का?’ या प्रश्नाला आजी हो म्हणते.

प्रत्येक चुकलेला डोस शंकेमुळे चुकतो असंही नाही. दिवाळीच्या सुमारास बीडहून ऊसतोडीला गेलेलं कुटुंब फडावर असतं, तेव्हा बाळाचा तिसरा डोस राहून जातो. मग ‘आता पहिल्यापासून घ्यावे लागतील, सिस्टर ओरडतील’ या धास्तीने ते सत्राकडे फिरकतच नाहीत. राहिलेला डोस तिथूनच पुढे घेता येतो, आणि ज्या गावात असाल तिथल्या सत्रात मोफत मिळतो, एवढी दोन वाक्यं कारखान्याजवळच्या मेडिकलवाल्याला पाठ असली तर शंकानिरसनाची गरजच पडत नाही. गोवरात या सुटलेल्या मुलांचा हिशोब फार कठोर असतो. साथ रोखायला ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली, मुलं दगावली, ती दोन वर्षांच्या विस्कळीत लसीकरणानंतर.

तुझे आक्षेप मला इथे बसून ऐकू येतात. दुकानात गर्दी असते, वेळ कुणाला? क्युबेकसारखं निवांत बोलणं काउंटरवर जमणार नाही, हे खरं आहे. पण तेच गिऱ्हाईक महिन्यात पुन्हा येतं, आणि दोन-दोन मिनिटांच्या तीन भेटी मिळणं ही गावातल्या दुकानाची ताकद आहे. नफ्याचं काय? सरकारी लस फुकट आहे, तिच्यात दुकानाला दमडी मिळत नाही, म्हणून तर त्याच्या शब्दाला वजन येईल. जी लस तो स्वतः विकतो तिच्याबद्दल मात्र ‘ही माझ्याकडे विकत मिळते’ हे त्याने आधी सांगितलं पाहिजे, आणि हे शिकवायची जबाबदारी तुझी. सगळ्यात जड आक्षेप तू लिहिलेलाच नाहीस: कित्येक दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि काउंटरवर दुसराच मुलगा उभा असतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याला हे मान्य नाही. २०१५ च्या नियमांत रुग्णाशी बोलणं, त्याला समजावणं हे फार्मासिस्टचं कामच मानलं आहे, आणि डी.फार्मसीला आता सोशल फार्मसी हा विषय आहे. तरीही विद्यार्थी परीक्षेत वेळापत्रक लिहून पास होतो, आणि नाही म्हणणाऱ्या माणसासमोर त्याला कुणी कधी उभं केलेलं नसतं. तोंडी परीक्षेत समोर एक घाबरलेली आई बसवल्याशिवाय एकाही मुलाला पास करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. औषध देणं आणि बोलणं या दोन गोष्टी आपण वेगळ्या केल्या, तिथेच फार्मासिस्टचा दुकानदार झाला.

खरी काळजी वेगळीच आहे. तुझ्या समोर बसणाऱ्या या चाळीस-पन्नास जणांपैकी काहींच्या स्वतःच्या मनातच लसीबद्दल शंका असतील. त्यांच्या मोबाइलवरही तेच संदेश फिरतात. त्यांना तू पत्रकं देशील, ते ती घेतील, आणि गिऱ्हाइकाने विचारलं की खालच्या आवाजात म्हणतील, ‘तसं मलाही पटत नाही.’ औषधं कळणाऱ्या माणसाच्या तोंडून आलेलं एवढं एक वाक्य सिस्टरची वर्षभराची मेहनत पुसून टाकेल. याचा विचार करताना मला रात्री झोप लागली नाही. म्हणून पहिल्या तासाला स्लाइड लावू नकोस. गोल बसव, आणि लसीबद्दल तुम्हाला स्वतःला काय खटकतं, असं विचार. मध्ये बोलू नकोस, हे तुला जड जाईल. काही दडवूही नकोस; तीव्र अॅलर्जीचा धोका दहा लाख डोसांत साधारण एकाला असतो आणि म्हणूनच अर्धा तास थांबवून ठेवतात, हे सरळ सांग.

दुपारी शीतसाखळीच्या जागी जोड्या लावून संवादाचा सराव ठेव. उपकेंद्रातल्या सिस्टरला आणि दोन-तीन आशाताईंना पाहुण्या म्हणून नको, शिकवायला बोलव. त्यांना डावलून मेडिकलवाल्यांना पुढे केलंस तर दोघंही एकमेकांकडे संशयाने बघतील. आराखडा बदलून मला पाठव, आणि तारीख सुगीच्या दिवसांत धरू नकोस.

तुझी,
अक्का