मी गाळलेलं अक्षर

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. उंची सुमारे 25 सेंटिमीटर, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना शृंगाराचं साहित्य घेतलेल्या दासी. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली पाँपेई गाडलं गेलं, त्यात तीही गाडली गेली. 1938 मध्ये सापडली. मी तिला फक्त छायाचित्रात पाहिलंय, तरी जगातल्या कुठल्याही संग्रहालयातलं चित्र किंवा शिल्प मला तिच्याइतकं जवळचं वाटत नाही. याला कारण आमचं भोकरदन.

जालना जिल्ह्यातलं हे गाव म्हणजे सातवाहनकाळातलं भोगवर्धन, पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत इथल्या माणसांचा उल्लेख आहे. 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा पाँपेईच्या मूर्तीशी विलक्षण साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती निघाली.

शाळेत इतिहास शिकवताना मी हे सांगायचो आणि पुढे ठोकून द्यायचो, ‘ती नेपल्सची लक्ष्मी आपल्याच गावच्या कारागिरानं घडवली.’ पोरांचे चेहरे उजळायचे. केळना नदीकाठच्या गावाचा हात थेट रोमन साम्राज्यापर्यंत पोचलेला! मलाही भरून यायचं.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम सांगत नव्हतो. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी लिपीतलं अक्षर कोरलेलं आहे. खरोष्ठी ही गांधाराकडची, तक्षशिला-पेशावरच्या मुलखातली लिपी. सातवाहनांचे लेख ब्राह्मीत. म्हणजे मूर्ती उत्तरेत घडली असेल, किंवा दख्खनमध्ये घडून तिकडून पुढे गेली असेल. अफगाणिस्तानातल्या बेग्रामलाही त्याच वळणाचं हस्तिदंती काम सापडलं आहे. अभ्यासकांत यावर एकमत नाही. ‘लक्ष्मी’ हे नावही पक्कं नाही. अनेकजण तिला यक्षी मानतात. हे सगळं मी वाचलेलं होतं. अज्ञानातून चुकलो असतो तर गोष्ट वेगळी. त्या अक्षरानं माझी गोष्ट अडखळत होती, म्हणून मी ते गाळलं.

माझ्या एका विद्यार्थिनीनं माझं ते गावच्या कारागिराचं वाक्य वक्तृत्व स्पर्धेत ठासून सांगितलं. परीक्षकांनी विचारलं, ‘मग खरोष्ठी अक्षराचं काय?’ तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. परत आल्यावर तिनं एवढंच विचारलं, ‘सर, तुम्हाला माहीत होतं?’ मी ‘हो’ म्हणालो. पुढे वर्षभर ती माझं प्रत्येक वाक्य पुस्तकात पडताळून पाहायची. बरोबरच होतं तिचं.

भोकरदनला माझ्या भरीची गरज नव्हती, हे मला आज जास्त लागतं. पाँपेईतल्या मूर्तीची बहीण शोभेल अशी मूर्ती आमच्या मातीतून निघाली, हे निखळ खरं आहे आणि केवढं मोठं आहे!

माझ्या वर्गात बसलेल्या ज्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं असेल, त्यांनी कृपा करून ते खोडावं. तिथे लिहावं: पाँपेईची मूर्ती कुठे घडली हे ठरलेलं नाही, तिच्यावर खरोष्ठी अक्षर आहे, भोकरदनला तिच्यासारखी मूर्ती सापडली आहे. आणि आपल्या मुलांना सांगताना ही तिन्ही वाक्यं सांगावीत.