लेकराची इंग्रजी आणि आपला धीर

जून महिना जवळ आला की आमच्या वसईच्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत एकच चिंता डोके वर काढते : “फादर, आम्हां दोघांना इंग्रजी येत नाही, मग लेकराचे कसे व्हायचे?” वाडीत राबून फी भरणाऱ्या आईबापांचा हा प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु त्या चिंतेपोटी घरात जे घडते, त्याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. पाहुणे आले की पाच-सहा वर्षांच्या मुलाला उभे करून “बोल, इंग्रजीत बोल” असा आग्रह होतो. शब्द अडखळला की कोणी हसते, कोणी चारचौघांत चूक काढते. मूल गप्प होते. आणि गप्प बसलेल्या मुलाला कोणती भाषा येणार?

मुलाची चूक म्हणजे आळस नव्हे. देवनागरी बहुतांशी लिहिल्याप्रमाणे वाचली जाते. इंग्रजीत ‘बट’ आणि ‘पुट’ यांतील पहिले अक्षर तेवढे निराळे, तरी उच्चार मात्र जुळत नाहीत. ‘बट’ शिकलेले मूल ‘पुट’ला ‘पट’ म्हणाले, तर त्याने बुद्धीच चालविलेली असते. ‘वेन्ट’ऐवजी ‘गोएड’ म्हणणे हीदेखील नियम उमगल्याची खूण होय. इंग्रजांची मुलेही लहानपणी असेच बोलतात. मराठीत ‘ए’ आणि ‘द’ ही उपपदे नाहीत, म्हणून ती आपल्या मुलांकडून सुटतात.

मग पालकांनी करावे काय? ज्यांना इंग्रजी येते, त्यांनी चूक न उगाळता तेच वाक्य सहजपणे नीट म्हणावे. ज्यांना येत नाही, त्यांनी पुस्तकातील चित्रावर बोट ठेवून “हे मला शिकव” म्हणावे. आईबापांचा गुरू झालेले मूल धीट होते. आणि रात्रीची गोष्ट मात्र आपल्याच बोलीत सांगावी, मग ती सामवेदी असो वा वाडवळी. गोष्ट ऐकण्याची, प्रश्न विचारण्याची सवय एका भाषेत लागली की ती दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते.

इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले ते १६१६ साली. एवढ्या विद्वान पुरुषालाही आपली भाषा मुरवून घ्यायला वेळ द्यावा लागला. तेव्हा पालकहो, पहिलीतल्या लेकराकडून दिवाळीपर्यंत अस्खलित इंग्रजीची अपेक्षा कशासाठी? त्याला वेळ द्या, आणि तोवर त्याला हसू नका.