नोव्हेंबरातलं बर्गंडी : ओसेर ते बोन

१० नोव्हेंबर, रविवार. ओसेर

पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून गाडी चाळीस मिनिटं उशिरा. दोघांची तिकिटं ५८ युरो, खोली ६२. दोन वाजून दहा मिनिटांनी जेवणघराच्या दारात, तर आत खुर्च्या टेबलांवर चढलेल्या. दुपारचं जेवण बारा ते दोन, त्यानंतर सातपर्यंत स्वयंपाकघर बंद. आणि रविवारी रात्री ते उघडतच नाही. बेकरीही दुपारनंतर बंद. यंत्रातली बिस्किटं ४.८०. माझे बूट ओले. ताई शांत आहे, त्याचा जास्त राग येतोय.

११ नोव्हेंबर, सोमवार. ओसेर

सोमवारी दुकानं एरवीही बंद असतात, त्यात आज १९१८च्या युद्धविरामाची सुट्टी. स्मारकाजवळ मेयर, बँड, छातीवर पदकं लावलेले म्हातारे. शाळकरी मुलं एकेक नाव वाचत होती, प्रत्येक नावानंतर जमलेले लोक म्हणत होते, ‘मॉर पूर ला फ्राँस’. फ्रान्ससाठी मरण पावला. तीच आडनावं दोनदा, तीनदा येत होती. भाऊ असतील, नाहीतर चुलत भाऊ. मला साताऱ्याकडचं अपशिंगे मिलिटरी आठवलं. तिथूनही त्याच युद्धात घराघरातली पोरं गेली होती. ताईने माझा हात धरला होता, तो तिने बँड थांबल्यावरच सोडला.

दुपारी योन नदीच्या पुलावर पावाबरोबर चीज खाल्लं. बूट अजून ओले.

१२ नोव्हेंबर, मंगळवार. वेझले

गाडी २५ मिनिटं उशिरा. सेरमिझेल स्टेशनवर आम्ही दोघंच उतरलो. तिथून वेझले दहाएक किलोमीटर. बस शाळेच्या वेळेची, ती गेलेली. टॅक्सी २८. खोली ५५, हीटर आठनंतर. पाऊस.

दुकानात शिरताना आधी ‘बाँजूर’ म्हणायचं, मग काय हवं ते. ताईला हे पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंचच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी ते आज शिकलो.

१३ नोव्हेंबर, बुधवार. वेझले

आजचं सगळं लिहून ठेवायचं आहे, डोळे मिटत असले तरी.

सकाळी टेकडीवरच्या बॅसिलिकात. आतल्या मोठ्या दारावर ख्रिस्त शिष्यांना जगभर पाठवतो आहे, आणि भोवती शिल्पकाराच्या कल्पनेतले दूरदेशीचे लोक : शिडी लावून घोड्यावर चढणारे बुटके, अंगभर पुरतील एवढ्या कानांची माणसं. आम्ही दूरदेशीचे दोघं खाली उभे. आत एका खांबावर मोझेस धान्य दळायला ओततो आहे आणि खाली पॉल पिठाची पिशवी धरून उभा आहे. जुन्या कराराचं धान्य, नव्याचं पीठ. इतका मोठा धर्मविचार गिरणीतल्या दोन माणसांत मांडणाऱ्याला मी मनोमन नमस्कार केला. ११४६मध्ये याच टेकडीच्या उतारावर संत बेर्नार यांनी दुसऱ्या क्रुसेडची हाक दिली. आज तिथे गाई होत्या.

दीडला उतरलो. उघडा एकच बार, तोही फक्त कॉफीपुरता. शेजारच्या टेबलावरच्या बाई निवृत्त शिक्षिका, ऐंशीच्या पुढच्या. कुठून आलात, विचारलं. भारत म्हटल्यावर त्यांनी काठीने रस्त्याच्या वरच्या अंगाला दाखवलं. रोमाँ रोलाँ १९३८मध्ये इथे राहायला आले आणि १९४४च्या डिसेंबरात इथेच वारले. त्यांच्या घरात आता आधुनिक चित्रांचं संग्रहालय आहे. ‘गांधींवर लिहिणारे ते आमचे शेजारी,’ बाई म्हणाल्या, आणि मग सरळ विचारलं, तुमच्याकडे त्यांना कोणी वाचतं का? ताई म्हणाली, रामकृष्ण मठाच्या पुस्तकांत त्यांचं विवेकानंद-चरित्र अजून मिळतं. बाईंना एवढा आनंद झाला की त्या उठल्याच. चला, सूप आहे.

लीक आणि बटाट्याचं सूप, चीज घालून भाजलेल्या फुगीर गुझेर, मग एपवास. या चीजचा वास जिन्यापासून येत होता आणि चव मात्र इतकी मऊ की ताईने तिसऱ्यांदा घेतलं. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर त्यांनी काहीही न विचारता अंडी फोडली. जेवताना म्हणाल्या, ‘उन्हाळ्यात मी पाव आणायलासुद्धा मागच्या गल्लीने जाते. नोव्हेंबरात गाव आम्हाला परत मिळतं.’ निघताना ताईने वाकून नमस्कार केला. त्यांनी तिच्या दोन्ही गालांना गाल लावले. संध्याकाळपर्यंत ताई फार बोलली नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार. प्रवास

टॅक्सी, मग बस. सोलिउला थांबा. निघण्याआधी दफनभूमीत गेलो : थडग्यांवर शेवंतीच्या कुंड्या, १ नोव्हेंबरला ठेवलेल्या. ताई म्हणाली, मार्केट यार्डात हीच फुलं देवांसाठी उतरत असतील. खर्च ७१. ताईशी खिडकीवरून भांडण. ओतँला अंधारात पोचलो.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार. ओतँ

सेंट लाझार कॅथेड्रलच्या दारावरचा अंतिम न्याय. दार बाहेरच्या बाजूला, म्हणजे तिकीट नाही, वेळ नाही, बंदचा वार नाही. आम्ही दोनदा गेलो, सकाळी आणि दिवे लागल्यावर.

१७६६मध्ये इथल्या धर्माधिकाऱ्यांना हे शिल्प गावंढळ वाटलं आणि त्यांनी ते गिलाव्याखाली बुजवलं. पुढे राज्यक्रांती आली, देवळांची तोडफोड झाली, आणि हे मात्र गिलाव्यामागे सुखरूप राहिलं. १८३७मध्ये ते पुन्हा उघडलं. ख्रिस्ताच्या पायाखाली ‘हे गिस्लेबेर्तुसने केलं’ असं कोरलं आहे. तो शिल्पकार की खर्च उचलणारा धनी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला तो शिल्पकारच हवा आहे. खालच्या पट्ट्यात मेलेली माणसं उठताहेत, त्यांत दोन यात्रेकरू, खांद्याला पडशी, एकीवर क्रूस आणि दुसरीवर शिंपला. कितीजण भेदरलेले, ते दोघे निघालेलेच. ताई त्यांच्यासमोरून हलेना.

दुपारी १६ युरोत पोटभर. पाव आणि नळाच्या पाण्याचा जग त्यातच येतो, पाणी विकत घ्यायचं नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार. बोन

इथे सगळं उघडं आहे. उद्या, नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, इथल्या रुग्णालयाच्या द्राक्षमळ्यांतल्या वाइनचा लिलाव. १८५९पासूनची रीत, पैसा रुग्णालयाला. त्यामुळे आज जत्रा. खोली १४८. १४४३मध्ये निकोला रोलँ यांनी गरिबांसाठी स्थापलेल्या याच रुग्णालयाची रंगीत कौलं गर्दीतून, टाचा उंचावून पाहिली. चौकात पाच मिनिटांत पाच जणांनी ताईला ढकललं. कोणाशी बोलणं झालं नाही.

रात्री ताईने वेळापत्रक काढलं. उद्या परत ओतँ. मी हो म्हणायच्या आत तिने खोलीसाठी फोन लावलाही होता. उद्या रविवार, म्हणून पाव, चीज आणि चार सफरचंदं आजच घेऊन ठेवली. ११.४०.