धामणीची अंडी



खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवून एकवीस दिवस मोजण्याची रीत आपल्या घराघरांत आहे. कोंबडी दिवसातून अनेकदा आपली अंडी फिरविते. ती फिरली नाहीत तर आतील जीव कवचास चिकटून मरतो, हे आपल्या आयाबहिणींस कोणी शिकवावे लागत नाही. सापाच्या अंड्याचा नियम मात्र अगदी उलट आहे. अंडे घातल्यावर सुमारे दिवसभरातच त्यातील गर्भ वरच्या बाजूच्या पापुद्र्यास लागतो. त्यानंतर कोणी ते उलटे केले, तर गर्भ गुदमरून मरण्याचा संभव असतो. तेव्हा येथे सेवा करावयाची म्हणजे हात लावावयाचा नाही. ही गोष्ट आम्ही वाचली होती. ती डोळ्यांनी पाहण्याचा योग गेल्या पावसाळ्यात सुरतेस आला.

सुरतेत मराठी वस्ती मोठी आहे. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबे यंत्रमागांवर व कापडाच्या कारखान्यांत राबतात. अशाच एका घरी आमचे जाणेयेणे आहे. घरचा थोरला मुलगा सुट्टीच्या दिवशी सर्पमित्रांबरोबर हिंडतो. ज्येष्ठाच्या अखेरीस शहराबाहेरील एका उसाच्या शेतात बांध फोडताना यंत्राखाली एक मोठी धामण सापडून मेली, आणि तिच्या बिळात अकरा अंडी निघाली. दोन फुटली होती. उरलेल्या नऊ अंड्यांच्या माथ्यावर मुलाने शिसपेन्सिलीने खुणा केल्या, ती होती तशीच अलगद उचलली, वनखात्यास कळविले व त्यांच्या संमतीने घरी आणली. त्याने साप पुष्कळ धरले होते. अंडी उबविण्याची ही पहिलीच वेळ.

येथे एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडील साप हौसेखातर पाळता येत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते मना केले आहे. मोठ्या शहरांत काही लोक परदेशी जातीचे लहान अजगर बाळगतात. त्यांस २०२४ च्या नियमांप्रमाणे त्या प्राण्यांची, आणि पिले झाल्यास पिलांचीही, सरकारदरबारी नोंद करावी लागते. ही नऊ अंडी मुलाच्या मालकीची नव्हती. ती ठेव होती, आणि पिले निघताच परत करावयाची होती.

मुलाची आई आम्हांस पाहताच म्हणाली, “फादर, आता तुम्हीच याला समजवा. घरात नातवंडं खेळतात. साप म्हणजे सापच, आणि धामण तर गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते म्हणतात!” माउलीचे भय खोटे नव्हते, आपल्या लोकांस साप म्हटला की एदेन बागच आठवते. परंतु धामणीस विष नाही, आणि कोणताही साप दूध ओढून पिऊ शकत नाही. त्याचे तोंड चोखण्यासाठी घडलेलेच नाही. आम्ही एवढेच सुचविले की, डब्याला घट्ट झाकण असावे, तो मुलांच्या हाती लागू नये, आणि पिले निघाल्यावर एकही दिवस नाहक घरात ठेवू नये. तिने नाखुषीनेच होकार दिला.

धामणीसाठी एवढा खटाटोप का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सुरतेनेच द्यावे. १९९४ च्या सप्टेंबरात या शहरात प्लेग उद्भवला आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने गाव सोडून गेले. प्लेगचे मूळ घर उंदरांतच असते. आजही सुरत, नवसारी, वलसाड या पट्ट्यात भात व ऊस करणाऱ्यांस पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा ताप गाठतो. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून तो पायांच्या जखमांवाटे शरीरात शिरतो. धामण उंदरांच्या बिळात शिरून त्यांना खाते. धान्य राखणारा असा बिनपगारी राखणदार आपण नाग समजून काठीने ठेचतो.

आता प्रतीक्षेविषयी. सापाच्या अंड्याचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे टणक नसते. ते चामड्यासारखे मऊ असून ओलावा शोषून फुगते. म्हणून मुलाने नारळाचा भुसा भिजवून, मुठीत दाबला असता पाणी गळणार नाही इतपत पिळून, डब्यात पसरला. झाकणास बारीक भोके पाडली. उष्णतामापक अठ्ठावीस ते तीस अंशांच्या मध्ये राहील अशी जागा शोधली. मुंग्या चढू नयेत म्हणून मेजाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. ही युक्ती मात्र आईची!

धामणीच्या अंड्यांस सुमारे दोन महिने लागतात. पण ती कोणत्या दिवशी घातली गेली हे कोणास ठाऊक? कोंबडीच्या घरी दिवस मोजता येतात. येथे मोजण्यास आरंभच नव्हता. तिसऱ्या आठवड्यात एक अंडे पिवळे पडून बुरसले, पुढे आणखी एक गेले. एके रात्री दिवे मालवून मुलाने अंडी न हलविता बाजूने विजेरी धरली. उरलेल्या सातांत तांबड्या शिरांचे जाळे दिसले. तो काही बोलला नाही, आईच म्हणाली, “जिवंत आहेत रे!”

श्रावणात अंडी थोडी खपली, त्यांवर खळगे पडले. ही निघण्याची खूण. मग एका सकाळी एका अंड्यावर बारीक चीर दिसली. पिलाच्या वरच्या ओठाच्या टोकाशी इवलासा दात असतो. त्याने ते कवच चिरते आणि पुढे तो दात गळून पडतो. चिरेतून नाक बाहेर आले आणि पिलू तसेच थांबले. दुपार झाली, रात्र झाली. “अडकलं असेल, कात्रीनं जरा मोकळं कर ना,” आई म्हणू लागली. मुलाने तिचा हात धरला. पिलू अडकलेले नसते. आतील उरलेला बलक ते पोटात ओढून घेत असते, आणि त्या वेळी ओढून काढल्यास रक्तस्राव होऊन मरू शकते. दुसऱ्या दिवशी ते आपल्या वेळेने बाहेर आले. चार दिवसांत सातही निघाली, प्रत्येक फुटाहून जरा लांब आणि डोळे टपोरे.

वनखात्याच्या माणसांसमवेत ती पाणथळीजवळील एका बांधावर सोडली. सातांतून किती जगतील? मुंगूस, घार, बगळा यांनाही पोट आहे. दोन वाचली तरी ते शेत भाग्यवान. जिला दोन महिन्यांपूर्वी धामणीचे नाव नको होते ती माउली रिकामा डबा धुताना एवढेच म्हणाली, “आता घर सुनं वाटतं.”

वाचकहो, नांगरताना अशी पांढरी, लांबट, मऊ अंडी आढळली तर ती हाती घेऊ नका, उलटी करू नका. ती नागाचीही असू शकतात. नागीण अंड्यांजवळ राहते, आणि नागाचे पिलू जन्मतःच विषारी असते. दूर उभे राहून जवळच्या सर्पमित्रास बोलवा. महाराष्ट्रात वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. काठी शोधण्यापूर्वी तेवढे करावे, अशी आमची विनंती आहे.