ओरडा, तरच गुण मिळेल!

बेंगळुरू म्हटलं की आयटी पार्क, ट्रॅफिक आणि फिल्टर कॉफी आठवते. पण याच शहरात बांबूची तलवार घेऊन केंदो शिकणारेही आहेत. जपानमध्ये शाळा-विद्यापीठांत या खेळाचे क्लब असतात. इथे मी ऑफिस सांभाळून जाते.

सुरुवातीला सैल कपडे पुरतात. पाय मात्र अनवाणी. तलवारीला म्हणतात शिनाई, म्हणजे बांबूच्या 4 पट्ट्या एकत्र बांधलेल्या. चिलखत लगेच मिळत नाही. आधी पायांची चाल शिकायची: डावी टाच किंचित उचललेली, पाऊल जमिनीवरून सरकत पुढे. हॉलमध्ये शिरताना वाकून नमस्कार करायचा, आपल्याकडे तालमीतल्या मातीला करतात तसाच. मग कन्नड, तमिळ, मराठी बोलणारे आम्ही सगळे एका सुरात मोजतो: इची, नी, सान...

मला अवघड गेलं ते ओरडणं. 'मुलींनी हळू बोलावं' हे ऐकतच मोठी झाले. इथे फटका मारताना मोठ्याने नाव घ्यावं लागतं. डोक्यावर 'मेन', मनगटावर 'कोते', कुशीवर 'दो'. आवाजात जोर नसेल, तर फटका बरोबर बसूनही गुण मिळत नाही. आणि गुण मिळाल्यावर जल्लोष केलात, तर तो रद्दही होऊ शकतो!

चौथ्या तासाला माझा 'मेन' हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचला. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "अगं, लोक काय म्हणतील?" मग थोडं थांबून, "मोठ्या बायकांनाही शिकवतात का गं?"