फोटोतला पांढरा डोंगर

चि. मनूस,


तुझा निरोप येऊन बरेच दिवस झाले. फोनवर दोन वाक्यांत सांगून टाकावं असं ते नव्हतं, म्हणून आज कागद घेतला. तिकडे ऑस्ट्रेलियात बेंडिगोची ती सेंट्रल डेबोरा खाण आतून बघून आलीस आणि विचारलंस, ‘आजी, तुझ्या नि आजोबांच्या फोटोत मागे बर्फाचा डोंगर आहे, तो काश्मीरचा का?’ बर्फ नव्हे गं तो. कोलार गोल्ड फील्ड्समधला सायनाइडचा ढीग आहे. आमच्या तिथल्या उरगावच्या घरातून तोच दिसायचा.

जमिनीच्या पोटातला दगड वर काढायचा, त्याचं पीठ करायचं, सायनाइडच्या पाण्यात त्यातलं सोनं उतरवून घ्यायचं आणि उरलेला गाळ बाहेर ओतायचा. टनभर दगडातून सोनं मिळणार काही ग्रॅम, मग बाकीचा टन जाणार कुठे? शंभर वर्षं ओतत राहिले, त्याचे डोंगर झाले. वारा सुटला की ती भुकटी घरभर. लोणच्याच्या बरणीचा दादरा, वाळत घातलेली धोतरं, माझ्या केसांतला भांग, सगळं पांढुरकं व्हायचं. नवी होते तेव्हा मी रडले होते त्यावरून. कोलार गोल्ड फील्ड्सच्या नावाचा सिनेमा आला तेव्हा तुझ्या मित्रमंडळींनी तेच डोंगर पडद्यावर पाहिले असतील, पण तिथे माणसं कपडे वाळत घालायची हे त्यात कुठे दिसतं?

आजोबा खाणीत सोनं काढायला जात नव्हते, हे तुला कुणी सांगितलं नसेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्रयोग तिथे जमिनीखाली चालायचे. वरचा दगड इतका जाड, की आकाशातून येणारे बाकीचे कण तिथवर जवळजवळ पोचतच नाहीत. १९६५ साली चॅम्पियन रीफ खाणीत, सव्वादोन किलोमीटरहून खोल, वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोची चाहूल लागली. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या एका खाणीतही लागली. त्याआधी जगात कुठेच नाही! आजोबा तिथे गेले ते पुढे, यंत्रांची देखभाल करायला. लग्न होऊन मी साताऱ्याहून मुंबईला आले, मुंबई नीट पाहायच्या आत बंगारपेठहून फुटणाऱ्या मरिकुप्पमच्या गाडीत बसले. मुलीला कुठे धाडताय, असं माझ्या आईने तेव्हा सगळ्यांना विचारलं होतं.

गाव दोन तऱ्हांचं होतं. जॉन टेलर अँड सन्स ही इंग्लंडची कंपनी १८८० मध्ये आली, तिच्याबरोबर कॉर्नवॉलचे खाणकामगार आले. तुझ्या बेंडिगोतही तेच कॉर्नवॉलचे लोक गेले होते बघ. साहेबांचे बंगले, क्लब, गोल्फचं मैदान, आणि पलीकडे कामगारांच्या लाइनी, एकेका खोलीत अख्खं कुटुंब. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरून वीज आली ती याच खाणींसाठी, बंगळूरला दिवे लागले त्याच्याही आधी. १९३० मध्ये अंगठ्याचे ठसे देण्याची सक्ती झाली तेव्हा याच लाइनींतल्या माणसांनी संप केला होता. मी गेले तोवर साहेब गेले होते, खाणी सरकारच्या झाल्या होत्या. लाइनी मात्र होत्या तशाच होत्या. त्यांत राहायची बहुतेक तमिळ माणसं, कित्येक दलित, दोन-तीन पिढ्या खाणीतच गेलेल्या.

एक रात्र मला काही केल्या विसरता येत नाही. पावसाळा होता एवढंच आठवतं. झोप लागत होती, तोच जमिनीतून दणका आला. फळीवरची पातेली खाली, भिंतीला तडा. रॉकबर्स्ट म्हणतात त्याला. इतक्या खोल दगडावर भार असह्य झाला की तो आतल्या आत फुटतो. आजोबा त्या रात्री खाली होते. मी अनवाणी बाहेर धावले. बायका आधीच रस्त्यावर उभ्या होत्या, कुणी ओरडत नव्हती, सगळ्यांची नजर शाफ्टवरच्या मोठ्या चाकाकडे. चाक फिरलं तर पाळणा चालू आहे, माणसं वर येताहेत. शेजारच्या अक्कांचा नवराही त्याच पाळीला. त्यांना मराठी येत नव्हतं, मला तमिळ. त्यांनी माझं मनगट जे धरलं ते चाक फिरेपर्यंत सोडलं नाही. आजोबा वर आले, अक्कांचा माणूस आला. तिसऱ्या घरातला नाही आला.

दुसऱ्या दिवसापासून मी तमिळ शिकायला लागले.

खाण २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली. तिथली मुलं पहाटेच्या गाडीने बंगळूरला कामाला जातात, रात्री परततात. बेंडिगोने आपल्या जुन्या खाणीत दिवे लावले, लोकांना तिकीट काढून आत नेलं, चांगलं केलं. उरगावच्या वाट्याला तसं काही आलं नाही, याचा मला फार राग आहे.

आता एक सांगायचंच आहे. तुमच्याकडे ईस्टरला चिनी ड्रॅगनची मिरवणूक निघते ना, तुझ्या पिल्लाला खांद्यावर घेऊन जा. ती माणसं सोन्यापायी आली तेव्हा तुमच्या व्हिक्टोरियात उतरणाऱ्या प्रत्येक चिन्यावर दहा पौंड कर होता. तो चुकवायला ती व्हिक्टोरियाबाहेरच्या रोबच्या बंदरात उतरून शेकडो किलोमीटर चालत आली. इतकं सोसूनही ड्रॅगन सोडला नाही त्यांनी. आणि आपलं पिल्लू मला परवा फोनवर ‘हाय’ म्हणालं. मनू, त्याच्याशी मराठीत बोल गं. दमून घरी येतेस, ठाऊक आहे मला, तरी रात्री झोपवताना तरी बोल. मी उरगावला तुझ्या बाबांशी अशीच बोलत राहिले, सगळं गाव तमिळ असताना.

डिसेंबरात येताना मुंबईऐवजी बंगळूरला उतर. मी आधी तिथे येऊन थांबेन. बंगारपेठहून मरिकुप्पमची गाडी धरू. अक्का आता नाहीत, पण त्यांची थोरली लेक अँडरसनपेठेत राहते, तिला मी कळवलं आहे. पिल्लाला स्वेटर आण, तिथे सकाळी गार असतं. आणि जावईबापूंना सांग, सुट्टी आताच मागून ठेवा.

तुझी,
आजी