बदनापूरचा २१ सप्टेंबर

१८०३ सालच्या २१ सप्टेंबरला बदनापुरात दोन इंग्रज अधिकाऱ्यांची मसलत झाली. एक मेजर जनरल आर्थर वेलस्ली, दुसरा कर्नल स्टीव्हन्सन. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज भोकरदनच्या बाजूला असल्याची खबर आली होती. मधे डोंगराची रांग. स्टीव्हन्सननं पश्चिमेच्या वाटेनं जायचं, वेलस्लीनं पूर्वेच्या आणि २४ तारखेला दोघांनी मिळून हल्ला करायचा, असं इथं ठरलं. लढाई जुंपली ती मात्र एक दिवस आधीच, आसईला. पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा हाच वेलस्ली आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून आसईचं नाव घ्यायचा.

ही मसलत आपल्या गावात झाली, हे मला भेटलेल्या बदनापूरकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक होतं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं हाच विषय प्रकल्पासाठी घेतला. मुक्तिसंग्राम दिनानंतरच्या आठवड्यात तिला तो लोकांपुढं मांडायचा होता. समोर कॉलेजची मुलं, शिक्षक आणि गावातली जुनी माणसं बसणार. लिहून तिचं सगळं तयार होतं. बोलण्यासाठी मात्र ती माझ्याकडं आली.

तिनं पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा मान खाली आणि वेग जालना रोडवरच्या ट्रकचा. सुरुवात वसईच्या तहापासून. दुसरा बाजीराव, ३१ डिसेंबर १८०२, तैनाती फौज, होळकरांचं राजकारण. यातलं चुकीचं काहीच नव्हतं. पण बदनापूर यायला सातवं पान उजाडत होतं. वाचणारा मागची पानं उलटून बघू शकतो; ऐकणाऱ्याच्या हातात काही नसतं. शिवाय गावाचा इतिहास गावात सांगताना पुण्याहून आणि वसईहून वळसा घालून गावात शिरायचं कशाला? म्हटलं, ‘‘तू बदनापुरातच उभी आहेस. इथूनच नीघ.’’

कागद बाजूला ठेवले. वर्गातल्या फरशीवर तिनं खडूनं बदनापूर काढलं, उजवीकडं जालना, वर भोकरदन, मधे डोंगर. मग त्या नकाशाभोवती फिरत ती बोलायला लागली आणि तिचा आवाजच बदलला. दोन फौजा वेगळ्या का झाल्या, हे लेखात तिनं एका लांबलचक वाक्यात कोंबलं होतं. उभ्यानं सांगताना ते सहज सुटलं: एवढी माणसं, बैल, तोफा एकाच खिंडीतून एका दिवसात पार होणार नाहीत, आणि एकच वाट धरली तर दुसऱ्या वाटेनं मराठी फौज दक्षिणेत निसटायची.

सर्वांत जास्त वेळ आम्ही घालवला तो ‘हे कशावरून?’ या प्रश्नावर. लेखात तळटीप टाकता येते. बोलताना ती तोंडानंच द्यावी लागते, आणि तीही ऐकणाऱ्याचा धागा न तोडता. बदनापूरच्या भेटीचा उल्लेख वेलस्लीच्या पत्रात आहे. लढाईच्या दुसऱ्या दिवशी, २४ सप्टेंबरला, आसईच्या छावणीतून त्यानं ते गव्हर्नर जनरलला, म्हणजे स्वतःच्या थोरल्या भावाला लिहिलं. ही एवढी ओळख दिली की पुरावाही येतो आणि ते कुणी कुणाला लिहिलंय, हेही कळतं. जिंकलेल्यानं वरिष्ठाला पाठवलेलं पत्र कितपत प्रमाण धरायचं, हे मग ऐकणारा आपलं आपण ठरवतो. गावात ऐकलेल्या गोष्टींसाठी तिनं ‘असं सांगतात’ हे शब्द राखून ठेवले आणि ते कुठंही गाळायचे नाहीत, असं ठरवलं. कुठल्याही भाषणकलेपेक्षा ही सवय मला मोलाची वाटते.

प्रत्यक्ष कार्यक्रमात ती नकाशा फळ्यावर काढून बोलली. केळणा नदीचा प्रसंग आला. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात मराठी फौज उभी होती. नदी ओलांडायला पुढं उतार नाही, असं वाटाडे वेलस्लीला सांगत होते. त्याला मात्र नदीच्या दोन काठांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड ही गावं दिसली आणि इथं उतार असणारच, असं त्यानं ताडलं. तोफांचा मारा सोसत फौज तिथूनच पलीकडं गेली. ती पुढं बोलणार एवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘असणारच की! नाहीतर सोयरिकी कशा व्हायच्या?’’ सगळे हसले, तीही हसली. ऐकणारे तिच्याबरोबर चालू लागले होते.

मग एका आजोबांनी विचारलं, ‘‘आपली किती गेली गं माय?’’

तयारीत हा प्रश्न आम्ही घोळवला होता, तरी मी सावरून बसले. तिनं घाई केली नाही. कंपनीच्या बाजूचे मेलेले ४२८, जखमी आणि बेपत्ता धरून दीड हजारावर. त्यांची यादी झाली म्हणून आकडा नेमका आहे. त्यातही मद्रासकडचे देशी शिपाई मोठ्या संख्येनं होते. मराठ्यांचे बाराशे मैदानात पडले, हा वेलस्लीच्या पत्रातला अंदाज, शत्रूनं केलेला. ‘‘तशी नावनिशीवार यादी आपल्या बाजूची मला मिळाली नाही, आजोबा. म्हणून आकडा छातीठोक सांगत नाही.’’ आजोबांनी मान डोलावली. परीक्षकाच्या गुणांपेक्षा मला ती मान महत्त्वाची वाटली.

त्यानंतर वाद रंगला तो पूर्वेची वाट नेमकी कुठून गेली यावर. एकानं त्याच्या आज्याच्या वेळची जुनी गाडीवाट सांगितली, दुसऱ्यानं ती खोडून काढली. तिनं दोघांचं म्हणणं वहीत उतरवलं, आधी नाव, गाव, वय आणि तारीख टाकून. सुगी आटोपली की ती दोन मैत्रिणींना घेऊन त्या वाटेनं जाणार आहे. भूमी अभिलेख कार्यालयातल्या जुन्या नकाशांवर ती वाट दिसते का, हे पाहायचं काम तिनं माझ्याकडं दिलंय.